व्हिएन्नाचं तिखट आणि पंचगंगेचा कावळा

अहो,

कावळा शिवत नव्हता तेव्हा तुम्ही कुठं बसला होता, ते मी बघितलंय. घाटावरच्या झाडाच्या आडव्या फांदीवर, मान तिरकी करून. जेवायला हाक मारली की "आलोच" म्हणायचं आणि दारात स्कूटर पुसत बसायचं, ही तुमची जुनी खोड. त्या दिवशीही तसंच. पानं वाढून ठेवलेली, माणसं ताटकळलेली, आणि तुमचा पत्ता नाही.

रक्षाविसर्जनाला तुमच्या आवडीचं काय ठेवलं नव्हतं सांगा. तांबडा रस्सा ठेवला, पांढरा ठेवला. सुकं मटण, त्यात तुमची नळी. मिसळ ठेवली, तीही तुमच्या दुकानातली, कारण घरची तुम्हाला कधी चालली नाही. वन्सं जयसिंगपूरहून येताना पेढे घेऊन आल्या होत्या, तेही ठेवले. तालमीतले तुमचे मारुती पैलवान कागदात गुंडाळून बिअरची बाटली घेऊन आले आणि सगळ्यांदेखत झाकण काढून ती पानाशेजारी ठेवली. "आबांनी मला सांगितलंवतं," म्हणाले, "आस्ट्रियात ठिकठिकाणची पिऊन आलोय म्हणून." मी पदर सारखा केला आणि नदीकडं बघत राहिले. ती कुणी प्यायली होती ते तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक. पैलवानांना आता सांगून काय करायचंय?

झाडावर कावळे भरपूर होते, पण खाली एकही येईना. बाकीचे निदान आपापसात ओरडत तरी होते. एक मात्र नुसता आमच्याकडं बघत बसला होता. ते तुम्ही.

आपल्या थोरल्या लेकानं हात जोडले. "आबा, फौंड्रीची काळजी करू नका. मी बघतो." कावळा जागचा हलला नाही. कसा हलेल? त्याच्या "मी बघतो"वर तुम्ही जिवंतपणी कधी हलला नाहीत. मग वन्सं माझ्या पाठीवर हात ठेवून पुढं झाल्या. थोरली बहीण, तुम्हाला कडेवर खेळवलेलं, त्यामुळं त्यांच्या आवाजात दमच होता. "आबा, शालनला आमी अंतर देत न्हाई. जा बाबा सुखानं." कावळ्यानं चोच फांदीला पुसली.

मागं लोक कुजबुजायला लागले. काय राहिलंय म्हणायचं? कशात जीव अडकलाय? माणूस अडकून राहतो म्हणतात. माझा त्यावर विश्वास आहे की नाही, याचा मी कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी मात्र होता. तुम्ही असे अर्ध्या वाटेवर, ना इकडं ना तिकडं, उन्हातान्हात बसून राहणार, हे मला सोसेना. आणि मला वाटलं, काय राहिलंय ते मला एकटीलाच ठाऊक आहे.

व्हिएन्नाला तुम्ही मला शब्द दिला होता.

तुमच्या आईंनी मला त्या प्रवासाला जाऊच दिलं नसतं. उद्यमनगरातल्या आपल्या फौंड्रीसाठी नवं यंत्र बघायला तुम्ही चालला होता, आणि तिकडच्या कंपनीचं बोलावणं जोडीनं होतं. तिकडची रीतच तशी म्हणे. सासूबाईंनी विचारलं, "यंत्र बघायला बाई कशाला?" तुम्ही क्षणभर डोकं खाजवलंत आणि म्हणालात, "आई, तिकडं भाकरी कोण थापणार?" म्हणजे सरकारदरबारी मी परदेशी गेले ती भाकरी थापायला. पिठाचा डबा घेतला, तवा घेतला, कांदालसूण चटणीची बरणी फडक्यात बांधून घेतली. हॉटेलच्या खोलीत चूलच नव्हती. हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं, असा माझा अजून संशय आहे. विचारलं की तुम्ही मिशीत हसायचा.

यंत्र बघून झालं. मग एक दिवस कंपनीनं आपल्यासाठी हिल्डाबाईला पाठवलं. उंच, पांढऱ्या केसांची, हातात लाल छत्री. पाहुण्यांना चालत चालत गाव दाखवायचं आणि वाटेत ठिकठिकाणी थोडं थोडं खायला-प्यायला घालायचं, हे त्या बाईचं काम. तुम्हाला ते ऐकून धक्काच बसला. "गावातनं खात हिंडायला बाई लागती?" म्हणालात. "आमी जन्मभर ह्येच करतोय की."

खरं होतं. तुम्ही करत होता. सकाळी तालमीतून निघून गंगावेशीत दूध, मग मिसळ, मग कुठंतरी गरम भजी, असं गाव खात खात घरी यायचा आणि माझ्या आमटीत मीठ कमी आहे म्हणायचा. वडगावहून लग्न होऊन मी कोल्हापुरात आले, मुलं झाली, ती मोठी झाली, पण त्यातलं एक दुकान मी आतून बघितलं नव्हतं. बाईमाणूस बाहेर उभ्यानं खात नाही, संपलं. देवीला जाताना तुम्ही पुढं आणि मी मागं. कोपरा आला की तुम्ही दिसेनासे व्हायचा. मी कोपऱ्यावर पोचावं तर पुढच्या कोपऱ्यावर तुमची पाठ.

व्हिएन्नातही तुम्ही तसंच निघाला होता. हिल्डाबाईनं पहिल्याच चौकात तुम्हाला थांबवलं. माझा दंड धरून मला तुमच्या शेजारी आणून उभं केलं आणि छत्रीनं दाखवलं, असं चालायचं. तुम्ही आधी मागं बघितलंत, मग पुढं बघितलंत. कोल्हापूरचं कुणी नव्हतं. मग चाललात.

पहिल्या ठिकाणी पावाच्या चुऱ्याचे उकडलेले गोळे होते, पातळ रश्शात सोडलेले. तुम्ही चव घेऊन हळूच म्हणालात, "आजाऱ्याचं जेवान हाय." मी पर्समधली चटणी काढली. हिल्डाबाईनं कौतुकानं बोटभर चाटली आणि लालबुंद झाली. दोन पेले पाणी प्याली, छातीवर हात मारला, हसली, आणि फार तिखट आहे म्हणून सरळ कबूल केलं. तिथून तुमची छाती जी फुगली ती काही केल्या बसेना. ती चटणी मी कुटली होती, हे मात्र तिला सांगायचं तुमच्या मनात आलं नाही.

पुढच्या ठिकाणी बिअर. दुकानदारानं पेले भरले, वर हा एवढा फेस. तुम्ही तक्रार केलीत, "निम्मा फेसच हाय की. भर म्हणावं नीट." हिल्डाबाईनं समजावलं की फेस हाच त्यातला मान, फेस नसला तर इथली माणसं पेला परत करतात. मान दिल्यावर तुमची पंचाईत झाली. थेंब शिवणार नाही म्हणून तालमीतल्या वस्तादांना शब्द दिलेला, आणि कुणी समोर ठेवलेलं तसंच टाकून उठायचं हेही आपल्यात बसत नाही. तुम्ही पेला माझ्याकडं सरकवलात. "बार्लीचं पाणीच असतंय त्ये," म्हणालात. "डॉक्टर उन्हाळ्यात सांगतोय तसलं."

डोक्यावर पदर घेऊन मी ते बार्लीचं पाणी प्यायले. माझं आणि तुमचं. त्याच्या पुढच्या ठिकाणीही तेच. आधी कडू लागलं, मग कडू लागेना. आणि माझ्या ओठावर फेसाची मिशी आली, ती तुम्ही अंगठ्यानं पुसलीत. भर बाजारात, दिवसाउजेडी. पुसून झाल्यावर आपण काय केलं हे तुमच्या ध्यानात आलं आणि तुम्ही तो अंगठा कोटाला पुसत बसलात. मला इतकं हसू आलं की हिल्डाबाईही हसायला लागली. त्यात बार्लीचाही हात असेल, पण सगळा नव्हता.

त्या फेसावरून तुम्हाला गंगावेशीतला दूधकट्टा आठवला. तुमचं फौंड्रीतलं इंग्रजी आणि हातवारे. म्हैस केवढी ते हात पसरून दाखवलंत, धार कशी काढतात ते मुठी आवळून. गिऱ्हाइकासमोर पिळायची, पेल्यात असाच फेस येतो, आणि कोमट कोमट उभ्यानं प्यायचं. हिल्डाबाई म्हणाली, मग तुमच्या बायकोला फेसाची मिशी नवी नसेल. तुमचे पसरलेले हात खाली आले. बराच वेळ पेल्याकडं बघत होता. मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "गावाकडं गेलो की तुला तितं न्हेतो. असंच. चालत. बरोबरीनं."

मी म्हटलं, "लोक बघतील."

"बघू देत की," म्हणालात.

बार्लीचं पाणी मी प्यायले आणि मर्दुमकी तुम्हाला चढली. पण मला ते खरं वाटलं. इतकं खरं वाटलं की पुढं सगळी वाट मी मनातल्या मनात कोल्हापुरातून चालत होते.

आणि मग ती सॉसेजची गाडी आली.

कशाचं मांस म्हणून तुम्ही बोकडासारखं ओरडून विचारलंत, आणि हिल्डाबाईनं डुकरासारखं गुरगुरून उत्तर दिलं. म्हणजे ते आपल्याला चालणार नव्हतं. राहिला पाव, मोहरीची चटणी आणि एक पांढरा कीस. मुळ्याच्या जातीचं कसलंसं मूळ, गाडीवाला समोर किसून देत होता. हिल्डाबाईनं बोटाचं टोक दाखवून सांगितलं, एवढंच घ्या, नाकात जातं. तुम्ही मिशीवर हात फिरवलात. "आमी कोल्हापूरचं हाय," असं तिला चक्क मराठीत सांगितलंत, चमचाभर कीस उचललात आणि तोंडात टाकलात.

आधी काहीच झालं नाही. तुम्ही माझ्याकडं बघून भुवया उडवल्यात. मग तुमचा चेहरा होता तिथंच थांबला. मी नंतर काडीएवढं चाखलं म्हणून सांगते, आपलं तिखट जिभेवरनं येतं, सांगून येतं. हे मागच्या दारानं शिरतं आणि एकदम टाळूत जाऊन बसतं. तुमचे दोन्ही डोळे भरले आणि वाहायला लागले. मिशीच्या दोन्ही टोकांवरनं थेंब गळत होते.

हिल्डाबाईनं विचारलं, तिखट आहे का?

"न्हाई," तुम्ही म्हणालात. आवाज विहिरीतून आल्यासारखा. "डोळ्यात कायतरी गेलंय."

"दोन्ही?" मी विचारलं.

तुम्ही मान तिरकी केलीत आणि एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलंत. "वारं हाय."

झाडाचं पान हलत नव्हतं.

गाडीवाला भला माणूस. हसला नाही. तुमच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि दुसरीकडं बघत उभा राहिला. तुम्ही पाणी प्यायलात, नाक पुसलंत, आणि पिशवीतनं फेटा काढलात. कंपनीच्या मोठ्या साहेबांसाठी आणलेला, जरीकाठाचा. गाडीवाल्याला खाली वाकायला लावून तो त्याच्या टकलावर बांधलात, तुरा काढलात, शेमला सोडलात. माणसं गोळा झाली, टाळ्या वाजल्या. तो फेटा घालून त्यानं सॉसेज विकायला घेतली. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांना नुसती गुळाची ढेप मिळाली. ती दोन्ही हातांत धरून ते उभे होते, कुठं ठेवावी कळेना.

आता मला सांगा, फेटा कुणाला बांधतात? मैदान मारणाऱ्याला. तुम्ही स्वतः मैदानं मारून बांधून घेतलेत. मग त्याला का बांधलात? हे मी तुम्हाला आगगाडीत विचारलं, घरी विचारलं, मुलांच्या लग्नात विचारलं. पाहुणं आलं की तुम्ही सांगायला लागायचा, "तिकडचं जेवान? सगळं मिळमिळीत." मी आतनं म्हणायचे, "मुळा सोडून."

"त्यो तिखट न्हवताच."

"मग फेटा?"

"त्याच्या टकलाला गार वारं लागत हुतं."

"मगाशी तर वारं तुमच्या डोळ्यात जात होतं."

पाहुणं पोट धरून हसायचं आणि तुम्ही ताट सरकवून उठायचा. पण कबूल म्हणून केलं नाहीत. दवाखान्यात नळ्या लावून पडला होता, बोलता येत नव्हतं. डोळ्यातनं पाणी आलं ते मी पुसलं आणि म्हटलं, "मुळा आठवला काय?" तुम्ही मान हलवलीत. नाही म्हणून. आपल्यातलं शेवटचं बोलणं ते.

आणि दूधकट्टा? कोल्हापूरच्या स्टेशनातनं बाहेर पडल्या पडल्या तुम्ही जे पुढं चालायला लागलात ते चालायलाच लागलात. मी ट्रंक घेतलेल्या हमालाच्या बरोबरीनं आले. आठवण काढली की "फुडच्या रविवारी." सासूबाईंना काय वाटेल? त्या गेल्या, तर वर्षभर कसं जायचं? मग सून आली, तिच्यासमोर कसं दिसेल? मग गुडघे. मी रागावत नव्हते असं नाही. रागावून आमटीत मीठ जास्त घालायचे, तर तुम्ही म्हणायचा, आज जमलीय.

म्हणून घाटावर मला वाटलं, हेच अडलंय. मी बायकांतून पुढं झाले. हात जोडले. म्हटलं, "अहो, दूधकट्ट्यावर न्यायचं राहिलं म्हणून थांबला असाल तर थांबू नका. माझ्या मनात काही नाही. माझी मी जाईन." बायकांनी डोळ्याला पदर लावले.

कावळ्यानं पंख खाजवला.

खरं सांगते, मला तिथल्या तिथं राग आला. जे मी इतकी वर्षं जिवाशी धरून बसले, ते तुमच्या खिजगणतीतही नव्हतं. मग आणखी काय पाहिजे होतं तुम्हाला? एवढ्यात त्यानं मान तिरकी केली, एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं, आणि ती मान मला ओळखू आली. गाडीपाशी "वारं हाय" म्हणताना हीच मान होती.

माझ्यानं ते म्हणवत नव्हतं. जन्मभर जिंकत आलेलं भांडण होतं ते, असं कसं सोडायचं? पण ऊन चढलं होतं, थोरल्याचा चेहरा उतरला होता, आणि भटजी दर्भाचा कावळा करूया म्हणून घाई करायला लागले होते. गवताच्या कावळ्यावर तुमची बोळवण व्हावी हे मला नको होतं.

"बरं," मी म्हटलं. "न्हवतं तिखट. तुमच्या डोळ्यात कायतरी गेलं होतं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. वन्संना वाटलं, दुःखानं माझं डोकं फिरलं, त्यांनी माझा हात धरला. कावळा तरीही हलेना. पण मी तुम्हाला ओळखते की. अर्धवट कबुली तुम्हाला कधी चालली नाही.

"दोन्ही डोळ्यांत," मी म्हटलं. "वारं होतं."

आणि आलात. सरळ खाली. पेढ्याकडं बघितलं नाही, बाटलीकडं बघितलं नाही, मटणातली नळी उचलली आणि नदीवरनं पलीकडं. मारुती पैलवान हात जोडून म्हणाले, "सुटला." मी मात्र तिथंच खाली बसले आणि मग जे रडले, ते काही वाऱ्यानं नव्हतं.

कार्य झालं, पाहुणं पांगलं. वन्सं माझ्यासोबत राहिल्या आहेत. काल संध्याकाळी मी चपला घातल्या.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

"गंगावेशीत. दूध प्यायला."

"घरात दूध हाय की."

"उभ्यानं प्यायचंय."

"अगं, लोक बघतील."

"बघू देत की," मी म्हटलं, आणि ते तुमच्या आवाजात आलं. वन्सं बघत राहिल्या. मग मला आवरायला म्हणून त्याही निघाल्या. रस्त्यात त्या सवयीनं पुढं जायला लागल्या, तर मी त्यांचा दंड धरून शेजारी आणलं. कोपरा आला. मी पुढं बघितलं. तुमची पाठ नव्हती. तिथं मी थोडी थांबले, वन्संही थांबल्या.

कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या, गवळ्यानं समोर धार काढली. कोमट, गोड, आणि वर हा एवढा फेस. अहो, ते चांगलं लागतं. ते इतकं चांगलं लागतं आणि तुम्ही रोज एकटे पीत होता, याबद्दल मी तुम्हाला वर आल्यावर बोलणार आहे. वन्संनी आधी पदराआड एक घोट घेतला, मग पदर सोडला, मग दुसरा पेला मागितला. आम्हा दोघींना मिशा आल्या. त्यांची मी अंगठ्यानं पुसली. माझी तशीच राहिली.

परत येताना त्यांनी विचारलं, "शालन, घाटावर त्ये तिखटाचं काय म्हणत होतीस?" मी सगळं सांगितलं. हिल्डाबाई, मुळा, फेटा, वारा. वन्सं भर रस्त्यात थांबल्या. हसत होत्या की रडत होत्या, सांगता येत नाही. म्हणाल्या, "ल्हानपणी मिरची लागली की आबा ह्येच म्हणायचा. डोळ्यात कायतरी गेलंय. आई विचारायची, दोन्ही?"

ऐकलंत? साक्षीदार घरातच होता आणि मी जन्मभर एकटी भांडत बसले.

आता तुम्ही पोचला असाल. कावळा शिवून गेलाय, ते काही मागं फिरवता येत नाही, म्हणून आता सांगते. घाटावर बोलले ते तुमची वाट मोकळी व्हावी म्हणून. तिखट होतं. चांगलं डोक्यात जाण्याइतकं तिखट होतं आणि तुम्ही ढसाढसा रडला होता.

नसेल पटत तर या भांडायला.